मदत हवी आहे: बाबांची अँजिओग्राफी, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) जास्त आहे

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे, चढ चढला की छाती दाटून येते म्हणून बेळगावात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करूया, मनगटातून बारीक नळी घालून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडतात नि हृदयाच्या नसांत ब्लॉक कुठं किती ते दिसतं, लागला तर तिथंच स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. आई ऑपरेशन समजून घाबरलीय. माझी काळजी वेगळी, क्रिएटिनिन १.६ आलंय आणि डायचा ताण किडनीवर येतो ना, कुणाच्या घरी असं होतं काय? आधी सलाईन लावली, शुगरची गोळी मेटफॉर्मिन बंद केली? आणि महाराष्ट्राची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना दिलीय, त्यातून कोल्हापूरला कुणी करून आलंय काय, कागद काय लागले तेवढं सांगा की. गुरुवारी परत बोलावलंय.