एरिसिख्थॉनचा गुन्हा नक्की कोणता?

पारंबी: रोमन कवी ओविडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या रूपांतरकथांच्या काव्याचा (इ.स. ८ च्या सुमारास) आठवा सर्ग पुन्हा वाचला. थेसलीचा एरिसिख्थॉन धान्याची देवी सेरेस हिच्या राईतला भलाथोरला ओक तोडायला घेतो. घाव बसताच बुंध्यातून रक्त. आडवा आलेल्याचं मुंडकं त्याच कुऱ्हाडीने उडवतो. मग सेरेस साक्षात भुकेलाच त्याच्या अंगात धाडते. जितकं खावं तितकी भूक वाढते. घरदार संपतं, पोटची पोर विकून होते, शेवटी स्वतःचेच लचके! कॅलिमाखस कवीच्या जुन्या ग्रीक स्तोत्रात त्याला निदान मेजवानीचा दिवाणखाना बांधायला लाकूड हवं होतं. ओविडने ते कारणच काढून टाकलं. उरली नुसती मस्ती. पर्यावरणावर याहून धारदार रोमन कविता मला तरी माहीत नाही.

शंकेखोर: पर्यावरण आपण घुसडतोय, ताई. शिक्षा झाड तोडल्याची नाही, देवीचं झाड तोडल्याची आहे. रोमन लेखक केटोचं शेतीवरचं पुस्तक (इ.स.पू. दुसरं शतक) बघा. राई विरळ करायची तर आधी डुक्कर बळी द्या, ‘तू देव असशील वा देवी’ अशी प्रार्थना म्हणा, मग खुशाल कुऱ्हाड चालवा.

पारंबी: मग नवव्या सर्गातली ड्रायोपी? ती बिचारी कुठे माजली होती? तान्ह्याला खेळायला तळ्याकाठच्या लोटस नावाच्या झाडाची फुलं तोडते, तर देठातून रक्त ठिबकतं. प्रायापस देवापासून पळणाऱ्या लोटिस अप्सरेचंच ते झाड झालेलं! मग ड्रायोपीचंही झाड होतं. जाता जाता सांगते, पोराला फुलं तोडू देऊ नका, प्रत्येक झुडूप देवीचं शरीर आहे असं त्याने समजावं.

शंकेखोर: हेच म्हणतोय! एकाने मुद्दाम केलं, दुसरीने नकळत, भोगलं दोघांनी. ही भीती झाली, निसर्गप्रेम नव्हे. शिवाय झाडात बाई दडलेली असेल तरच झाडाला किंमत. झाड झालेल्या डाफ्नी अप्सरेचंही तेच.

काजूबोंडू: भीतीला नाकं मुरडू नका हो. आमचे आजोबा देवराईतल्या लाकडाला हात लावण्याआधी देवाला कौल लावायचे. झाडांवर प्रेम वगैरे काही नव्हतं, पण राई राहिली. केटोचं डुक्कर मला ओळखीचंच वाटलं. फक्त डुक्कर परवडायला लागलं की राईचं काही खरं नाही.

पारंबी: शंकेखोर, दिवाणखान्याचं राहिलंच. नुसता देवीचा अपमान दाखवायचा होता, तर ओविडने दिवाणखाना का गाळला?

शंकेखोर: तिथे मी अडकलोय खरा. रात्री मूळ लॅटिन काढून बसतो.