मदत हवी आहे: कुलगुरूंवरच्या आरोपांच्या बातम्या आणि निवेदनावरची सही

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. ज्या विद्यापीठातून शिकलो तिथला नोंदणीकृत पदवीधर मतदार आहे. विद्यापीठाचं, कुलगुरूंचं आणि दैनिकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रतिसादातही कुणी अंदाज बांधू नयेत, ही विनंती. आरोप अजून आरोपच आहेत.

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर कुलगुरूंच्या कारभाराबद्दल बातम्या येत होत्या. उत्तरपत्रिका छपाईचं काम निविदा न काढता दिलं आणि कंत्राटी पदांवर जवळच्यांची वर्णी लावली, हे त्यातले दोन मुख्य आरोप. आता माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने राज्यपालांना, म्हणजे कुलपतींना, द्यायचं निवेदन तयार केलंय. 'भ्रष्ट कुलगुरूंना तात्काळ बडतर्फ करा' असा विषय, आणि पुरावा म्हणून कात्रणांच्या झेरॉक्स. ते माझ्याकडे सहीसाठी आलंय. सही करू का? करायची तर आधी हाताशी काय असायला हवं?

कात्रणं ओळ न ओळ वाचली. पहिल्या बातमीचा मथळा 'विद्यापीठात कोट्यवधींचा घोळ', आणि खालच्या मजकुरात एकही रक्कम नाही. 'सूत्रांनी सांगितले', 'अशी चर्चा विद्यापीठ वर्तुळात आहे', 'कुलगुरूंशी संपर्क होऊ शकला नाही'. बातमीदाराचं नाव नाही, नुसतं 'प्रतिनिधी'. त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन दैनिकांत 'आरोप बिनबुडाचे' छापून आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर मजकूर शब्दन् शब्द एकच, म्हणजे विद्यापीठाचं प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं. पहिल्या दैनिकाने विद्यापीठाचा खुलासा छापला तो आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या मध्ये एका चौकटीत. त्यानंतर बातम्या बंद झाल्या, आणि थोड्याच दिवसांत त्याच दैनिकात विद्यापीठाची पानभर प्रवेश जाहिरात आली. गावात लोक या दोन्हींचा संबंध लावतात. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी लावत नाही.

पण एका बातमीत दाणा आहे. उच्च शिक्षण विभागाने छपाईच्या कामाबद्दल विद्यापीठाकडून अहवाल मागवला, असं त्यात म्हटलंय आणि त्या पत्राचा जावक क्रमांक नि दिनांक छापलाय. सगळ्या कात्रणांत हाताला धरता येईल अशी गोष्ट एवढीच. नेमका तिचाच उल्लेख निवेदनात नाही!

मला हे सोडून देता येत नाही. १९५८ पर्यंत मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. आज माझ्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं आहेत. उद्या ती पदवीला जातील आणि परीक्षा शुल्क आईबापांनी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशातून भरतील. छपाईत खरंच पैसा मुरला असेल तर तो यांचा आहे. आणि आरोप खोटे असतील तर एका शिकलेल्या माणसाची अब्रू आपण मथळ्यांवर काढतोय. दोन्ही गोष्टी मला सारख्याच लागतात.

तर, जावक क्रमांकावरून माहिती अधिकारात छपाईच्या कामाची नस्ती, म्हणजे फाईल, मिळेल का? 'चौकशी चालू आहे' म्हणून नाकारली तर काय करायचं? सही केल्यावर अब्रुनुकसानीचं लचांड मागे लागेल का? आणि एकतर्फी बातमीबद्दल दाद मागायची कुठे?

दुधना:
सर, मी एका निमसरकारी कार्यालयातून निवृत्त झालो. जन माहिती अधिकारी म्हणून कामही केलंय. जावक क्रमांक हाती आहे म्हणजे अर्धं काम झालं. एक अर्ज शिक्षण विभागाकडे करा, एक विद्यापीठाकडे. एकाच ठिकाणी केला तर 'आमच्याकडे उपलब्ध नाही' ऐकून घ्यावं लागतं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगात वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या अपिलात जीव ओतून लिहा.

'चौकशी चालू आहे' हे उत्तर येणारच. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) लावतील, म्हणजे तपासाचं कारण देऊन माहिती नाकारतील. पण ते कलम तपासात अडथळा येत असेल तरच लागतं, नुसता तपास चालू आहे एवढ्याने नाही. भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलंय. अडथळा कसा येतो हे अधिकाऱ्याने दाखवायचं असतं. अपिलात हा निकाल टाका.

नियुक्त्यांचा विषय या अर्जात घालू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द.

बालाघाट:
मी वकिली करते. सहीबद्दल सांगते, दादा.

अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याला अपवाद आहेत. ज्याला दखल घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्यातला एक. कुलपतींना तो अधिकार आहे, कारण २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार तेच कुलगुरूंना पदावरून दूर करू शकतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये, निकाल रखडल्यानंतर, मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना राज्यपालांनी असंच दूर केलं होतं. तेव्हा निवेदन देणं हा गुन्हा नाही. पण सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन केलेली गोष्ट. कात्रणाच्या जोरावर 'भ्रष्ट' लिहिणं त्यात बसवणं अवघड जाईल. आणि तेच निवेदन कुलगुरूंच्या फोटोसह व्हॉट्सअॅपवर फिरलं, तर या अपवादाचा आधार उरत नाही. आमच्याकडे येणारी बरीच प्रकरणं तिथूनच सुरू होतात.

विषय बदलून घ्या. 'बडतर्फ करा' ऐवजी 'अमुक पत्रात नमूद बाबींची चौकशी करून अहवाल जाहीर करावा'. अशा मजकुरावर मी स्वतः सही करेन.

बातम्यांबद्दल म्हणाल तर आधी संपादकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषद आहे. दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून २ महिन्यांत तक्रार जायला हवी. परिषद दंड करत नाही, फार तर ताशेरे ओढते. तुमची शक्ती मी तिथे घालणार नाही. तुम्ही पदवीधर मतदार आहात ना? अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, पदवीधर गटाचे १० सदस्य निवडून जातात. अंदाजपत्रक आणि लेखे अधिसभेपुढे येतात. त्यातल्या एखाद्याला गाठा आणि छपाईच्या खर्चावर प्रश्न विचारायला लावा. तिथलं उत्तर इतिवृत्तात राहतं, बातमीसारखं दुसऱ्या दिवशी रद्दीत जात नाही.

धागाकर्ता:
ताई, काका, मनापासून आभार. निवेदनाचा विषय बदला, मगच सही करतो, असं त्या गटाला कळवलंय. दोघे चिडले, पण बाकीचे तयार आहेत. विद्यापीठाकडच्या अर्जाचा मसुदा असा:

'उच्च शिक्षण विभागाचे पत्र जा.क्र. … दि. … यास अनुसरून: १) सदर पत्राची प्रत, २) त्यावर विद्यापीठाने पाठवलेल्या उत्तराची प्रत, ३) उत्तरपत्रिका छपाईच्या कामाची टिपणीसह संपूर्ण नस्ती, खरेदी समितीचे इतिवृत्त, दरांचा तुलनात्मक तक्ता व कार्यादेश, ४) निविदा का काढली नाही याचा खुलासा.'

यात काही चुकतंय का?

दुधना:
चौथा मुद्दा काढा, सर. माहिती अधिकारात कागद मिळतो, 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्या एका ओळीचं निमित्त करून अख्खा अर्ज फेटाळतील. निविदा काढली नसेल तर कारण टिपणीत असेलच, तिसऱ्या मुद्द्यात ते आपोआप येतं. त्याजागी 'प्रती घेण्यापूर्वी नस्तीची पाहणी करू द्यावी' असं टाका, तोही कायद्याने दिलेला हक्क आहे. पाहणीला जाताना कुणाला तरी सोबत न्या आणि पानांवरचे क्रमांक सलग आहेत का ते आधी बघा.

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आवक-जावक विभागात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.