जिनिंगमधल्या कामगारांची स्पायरोमेट्री आणि धूळमापन : आकडे जुळत नाहीत

पीएसएम_रेसिडेंट :
मानवत-सेलू पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने) थीसिसचं काम चालू आहे : कामगारांची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणं) आणि हवेतली धूळ मोजणं. कामगार तीन प्रकारचे : रेच्यावर (सरकी काढायच्या यंत्रावर) कापूस टाकणाऱ्या बाया, प्रेसवर गठाणी बांधणारे आणि यार्डात गंजीवर काम करणारे. चार ठिकाणी अडलंय.
एक, बिसिनोसिसच्या (कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) प्रश्नावलीत ‘सोमवारी छाती आवळते का’ याला जवळपास सगळेच ‘नाही’ म्हणतात. खोकला आणि धाप मात्र भरपूर. दोन, एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) संध्याकाळी घसरायला हवा, तर बऱ्याच जणांचा सकाळपेक्षा जास्त येतो. तीन, धुळीच्या काही फिल्टरचं वजन नमुना घेतल्यावर कमी भरतं. चार, तपासणी चालू असताना मुकादम शेजारी उभा असतो. मार्गदर्शन करावं.

चेस्ट_ओपीडी :
सोमवारचा प्रश्न आधी बदला. तो कापड गिरण्यांसाठी बनला होता, जिथे रविवार हमखास सुट्टीचा. जिनिंगचं वेळापत्रक कापसाच्या आवकेवर आणि बाजार समितीच्या सुट्ट्यांवर चालतं. ‘सुट्टीनंतर कामावर आल्या पहिल्या दिवशी’ असं विचारा आणि मागची सुट्टी कधी होती तेही लिहून घ्या. शिवाय ‘दिवाळीनंतर जिनिंग चालू झाली, तेव्हा पहिल्या आठवड्यात काय झालं?’ हा वेगळा प्रश्न ठेवा. हंगामी कामगाराचा खरा ‘सोमवार’ तोच.

एफईव्ही-१ चं म्हणाल तर तुमचं यंत्र बिघडलंय असं लगेच समजू नका. निरोगी माणसाचाही एफईव्ही-१ पहाटे-सकाळी कमी असतो आणि दुपारपर्यंत वाढतो. त्यात सकाळी पहिल्यांदाच नळीत फुंकणारी बाई संध्याकाळपर्यंत तंत्र शिकलेली असते. या दोन्ही गोष्टी खरी घसरण झाकतात. म्हणून आदल्या दिवशी नुसता सराव करून घ्या, आकडे नोंदवू नका. आणि धूळ नसलेल्या कामावरचा तुलनागट त्याच वेळांना तपासा. तो नसेल तर शिफ्टमधल्या फरकाला अर्थ उरत नाही.

वेळ महत्त्वाची. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार-सुरक्षा खातं) कापूस-धूळ नियमात पहिली चाचणी निदान ३५ तास धुळीपासून दूर राहिल्यावर आणि कामावर जायच्या आधी घ्यायची असते. दुसरी शिफ्ट सुरू झाल्यापासून ४ ते १० तासांच्या आत, आणि धुळीतून बाहेर पडल्यावर तासाभराच्या आतच. तो नियम खुद्द जिनिंगला लागू नाही, पण पद्धत म्हणून वापरायला हरकत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी घेतलेला आकडा आधीच खाली आलेला असू शकतो, मग घसरण दिसणार कुठून?

घसरण मोजताना जागतिक आरोग्य संघटनेचे टप्पे घ्या : ५ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे परिणाम नाही, ५ ते १० सौम्य, १० ते २० मध्यम, २० च्या वर तीव्र. आता हे टप्पे एवढे लहान असल्यावर यंत्राची चूकही तेवढीच लहान हवी. ३ लिटर हवा ढकलणाऱ्या सिरिंजने यंत्राची पडताळणी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा, आकडा २.९१ ते ३.०९ मध्ये आला पाहिजे. डिसेंबरातल्या सकाळी गाडीतून काढलेली सिरिंज गार असते. ती आणि यंत्र एकाच खोलीत तासभर ठेवा. तपासणीची खोली रेच्यांपासून लांब घ्या. रुईचे तंतू न्यूमोटॅकच्या (यंत्रातला प्रवाह मोजणारा भाग) जाळीवर बसले की प्रवाह खोटा वाढतो. शून्य ठरवताना दारातून वारा आला तर श्वास संपल्यावरही आलेख सपाट होत नाही, वर चढतच राहतो. असा आलेख दिसला की चाचणी टाकून द्या आणि शून्य पुन्हा ठरवा.

फुंकायच्या आधी तंबाखू-मिश्रीची चूळ भरून घ्या, परकराची नाडी सैल करायला सांगा, पाठ टेकून खुर्चीत बसवा. तीन मान्य प्रयत्न, त्यातले सर्वांत चांगले दोन एकमेकांपासून १५० मिलिलिटरच्या आत; आठच्या पुढे जाऊ नका, माणूस दमतो. हार्ट अटॅक, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, थुंकीतून रक्त, टीबीची शंका : यांना फुंकायला लावायचं नाही. चुलीच्या धुरात किती वर्षं काढली, हेही विचारा. इथल्या बायांमध्ये ते सोडलं तर निष्कर्ष लटका पडतो.

धूळमापक :
फिल्टर कुठले आहेत? आणि ते बसवायची कॅसेट प्लास्टिकची की स्टीलची?

पीएसएम_रेसिडेंट :
फिल्टर एमसीईचे (सेल्युलोजचा प्रकार). सॅम्पलर (कामगाराच्या अंगावर लावायचं, धूळ पकडणारं उपकरण) आयओएम प्रकारचा, कॅसेट प्लास्टिकची.

धूळमापक :
मग उत्तर त्यातच आहे. एमसीई हवेतली ओल धरतो, आयओएमची प्लास्टिक कॅसेटही धरते, आणि आयओएममध्ये तर फिल्टर कॅसेटसकट तोलायचा असतो. जिनिंगच्या कोरड्या हवेत ओल उडाली की वजन उणे. ५ मायक्रॉनचे पीव्हीसी फिल्टर आणि स्टीलची कॅसेट घ्या. तोलण्याआधी, दोन्ही वेळा, २४ तास तराजूच्याच खोलीत ठेवा. दर बॅचला निदान दोन-तीन कोरे फिल्टर जिनिंगपर्यंत नेऊन न वापरता परत आणा; त्यांच्या वजनातला सरासरी फरक बाकीच्यांतून वजा करायचा. पीव्हीसीवर स्थिर वीज फार चढते, तराजूचा आकडा थरथरतो. आयोनायझरसमोरून (स्थिर वीज घालवणारं उपकरण) फिरवून मगच ठेवा.

हिशोबही बघा. पंपाने मिनिटाला २ लिटर हवा ८ तास ओढली म्हणजे ९६० लिटर, ०.९६ घनमीटर. फिल्टरवर ०.५ मिलिग्रॅम जमलं तर हवेत घनमीटरला ०.५२ मिलिग्रॅम. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचणारा असेल तर एवढ्या वजनात २० टक्के चूक तिथेच आली. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर मोजा, ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुना बाद.

सॅम्पलरच्या तोंडावर रुईचा झुबका बसला असेल तर नोंद करा, चिमट्याने काढू नका. सॅम्पलर तोंड वर ठेवूनच न्या. मोटारसायकलच्या डिक्कीत टाकला की अर्धी धूळ झाकणाला. आणि नमुने एकाच महिन्यात उरकू नका. पहिल्या वेचणीचा कापूस त्यातल्या त्यात स्वच्छ असतो, फरदडीत (हंगाम संपताना ठेवलेल्या झाडांचा शेवटचा कापूस) पाचोळा जास्त. पाऊस लागलेल्या मालात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) वाढतं, आणि छातीवर परिणाम होतो तो मुख्यतः त्यानेच. नुसत्या मिलिग्रॅमवरून ते कळत नाही. जमलं तर वेगळ्या फिल्टरवर एंडोटॉक्सिनची तपासणी करा, नाहीतर मालाची वेचणी आणि ओल तरी लिहून ठेवा.

हंगामी_कामगार_अभ्यास :
मुकादम शेजारी असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. मालकाची परवानगी जागेपुरती. माणसाची त्याच्याकडूनच घ्यायची, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार मुकादम किंवा दिवाणजी नको. प्रश्नावली वस्तीवर, संध्याकाळी घ्या. जिनिंगच्या आवारात फक्त फुंकणं आणि पंप. परप्रांतीय मजुरांसाठी हिंदी अर्ज वेगळा. मालकाला गटाचे आकडे द्या, नावानिशी कागद नाही, हे प्रोटोकॉलमध्ये आणि परवानगीच्या पत्रातही लिहा, म्हणजे पुढे कुणी मागितला तर दाखवता येतं.

एक गोष्ट वर कुणी काढली नाही. ज्यांना सोसलं नाही ते काम सोडून गेलेत, म्हणून जिनिंगमध्ये मोजलेला आजार खऱ्यापेक्षा कमीच येणार. मागच्या दोन हंगामांचे हजेरीपट मिळाले तर सोडून गेलेल्यांना गावात गाठा. हजेरीपटावर नावं अर्धवट असतात. बायांकडून ‘कोणाच्या जोडीने यायची’ हे विचारलं की सापडतात.