सहा तालवादकांसाठी रचना: तिहाईशिवाय भाग कसे जोडावेत?

प्रश्न
सहा तालवादकांच्या वृंदासाठी सुमारे १२ मिनिटांची रचना मी लिहीत आहे. माझे शिक्षण तबल्याचे असल्याने कायदा (ठरलेली मूळ बोलरचना), त्याचे पलटे (त्याच बोलांची उलटापालट) आणि शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट) ही विस्ताराची रीत मनात पक्की बसलेली आहे. एकल वादनात लेहरा (साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून) आवर्तनाचे, म्हणजे तालाच्या चक्राचे, भान सतत देत असतो, म्हणून समेवर (चक्राच्या पहिल्या मात्रेवर) येण्याला अर्थ असतो. परंतु या रचनेत मारिम्बा (लाकडी पट्ट्यांचे स्वरवाद्य), टॉम-टॉम (ढोल), वुडब्लॉक (लाकडी ठोकळा), झांजा आणि टॅमटॅम (मोठी धातूची थाळी) अशी वाद्ये असून लेहरा धरणारे कोणीच नाही. एखादा भाग तिहाईने मिटला की रचनाच संपल्यासारखी वाटते. मग सलग आकार कसा उभा करावा?

पहिला प्रतिसाद
आधी काळाची मापे ठरवावीत आणि ध्वनी नंतर भरावेत, असे मी सुचवेन. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९३९ मध्ये सिअ‍ॅटल येथे लिहिलेल्या ‘फर्स्ट कन्स्ट्रक्शन इन मेटल’ या रचनेत १६ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) एक असे १६ खंड आहेत. ते ४, ३, २, ३, ४ अशा गटांत बांधलेले आहेत आणि प्रत्येक खंडाच्या आतील बारही त्याच प्रमाणात विभागलेले आहेत. तीनतालाच्याही मात्रा १६च, पण तेथील चारही विभाग समान असतात. येथे मात्र मध्याकडे जाताना गट आखूड होतात आणि पुन्हा लांबतात, त्यामुळे भागाचा शेवट कोठे यायचा हे तिहाईवर अवलंबून राहत नाही.

दुसरा प्रतिसाद
वरील पद्धत रचनाकाराला शिस्त देते हे मान्य, तथापि श्रोत्याच्या कानाला ती प्रमाणे क्वचितच जाणवतात. त्याला जाणवतो तो नादाचा पोत. संगीतकार एडगार व्हारेझ यांनी १९३१ मध्ये पूर्ण केलेली ‘आयोनायझेशन’ ही १३ वादकांची रचना या दृष्टीने अवश्य ऐकावी. कातडी, लाकूड, धातू आणि भोंगे यांचे नाद तीत एकमेकांवर येत राहतात, पण पियानो, घंटानळ्या आणि ग्लोकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) ही निश्चित स्वरांची वाद्ये व्हारेझ यांनी अगदी शेवटापर्यंत राखून ठेवली आहेत. ती वाजू लागताच, कोणतीही तिहाई नसताना, आपण कोठेतरी पोहोचलो आहोत असे स्पष्टपणे वाटते. आपली मारिम्बा पहिल्याच मिनिटात वाजणार असेल, तर तो एकमेव मोठा बदल आपण सुरुवातीलाच खर्च कराल. माझ्या मते ती नवव्या मिनिटापर्यंत गप्प राहिली पाहिजे.

तिसरा प्रतिसाद
प्रश्न भाग जोडण्याचा आहे, आणि त्याचे सर्वांत नेमके उत्तर मला संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या १९७१ सालच्या ‘ड्रमिंग’ या रचनेत सापडते. तेथे १२ ठोक्यांच्या चक्रात प्रथम एकच आघात ऐकू येतो आणि मग विरामांच्या जागी एकेक ठोका भरत जाऊन बोल पूर्ण होतो. पलट्यांची सवय असलेल्या तबलावादकाला ही वाढ सहज उमगेल. बाँगोंकडून (लहान जोडढोलांकडून) मारिम्बांकडे जाताना मारिम्बा तोच बोल अत्यंत हळू आवाजात धरतात आणि बाँगो हळूहळू विरून जातात. लय आणि बोल कायम राहतात, बदलतो तो केवळ नाद, त्यामुळे सांधा कोठे आहे हेच कळत नाही. आपल्याकडे वुडब्लॉक आणि मारिम्बा ही दोन्ही लाकडाची वाद्ये असल्याने हा प्रयोग तेथे प्रथम करून पाहावा.

लेखनाबाबतही सांगतो. वुडब्लॉकसाठी लिहिलेला एका मात्रेचा आणि दोन मात्रांचा ठोका सारखाच ऐकू येतो, तर टॅमटॅमचा एक जोरकस आघात पुढचे कितीतरी बार झाकून टाकतो. म्हणून टॅमटॅम हाताने नेमका कोठे दाबून थांबवायचा, हे स्वरलिपीत लिहिलेच पाहिजे. मऊ आणि कठीण मॅलेट (वाजवण्याच्या काठ्या) बदलण्यासाठीही वादकाला दोन-तीन मात्रांची उसंत द्यावी.