थेरा फुटलं म्हणून मिनोअन संपले? मला नाही पटत

दगडमाती:
ग्रीसजवळच्या एजियन समुद्रातलं थेरा हे ज्वालामुखीचं बेट (आजचं सँटोरिनी) इसवीसनपूर्व १६००च्या आसपास फुटलं आणि दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवरच्या क्रीट बेटावरची मिनोअन संस्कृती आटोपली, असं सर्रास ठोकून दिलं जातं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी १९३९ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे १९६७ पासून थेरावरचं राखेत गाडलेलं अक्रोतिरी शहर त्यांनीच खणायला घेतलं, आणि तिथली भांडीच या कल्पनेच्या मुळावर आली. क्रीटवरचे वाडे ज्या थरात जळाले, त्यात ऑक्टोपस, शंख रंगवलेली भांडी मिळतात. अक्रोतिरीच्या राखेखाली तसलं एकही नाही, कारण ती शैली अजून यायची होती, म्हणजे वाडे नंतर जळाले. क्रीटच्या मोख्लोसला तर थेराच्या राखेवरच नवं घर बांधलंय. संपलेली माणसं घरं बांधतात होय?

सागरवेडी:
भांड्यांवरून फार उड्या मारू नका. पालैकास्त्रोला, म्हणजे क्रीटच्या पूर्व टोकाला, बांधकामाचे दगड, गुरांची हाडं, समुद्री जीवांचे अवशेष आणि थेराची राख एकाच थरात कालवलेली आहेत. हे काम त्सुनामीचंच. तुर्कस्तानात चेश्मेला त्सुनामीच्या ढिगाऱ्यात एक तरुण आणि एक कुत्रा सापडले. मिनोअनांचा सगळा जीव गलबतांत. किनारे धुऊन निघाल्यावर व्यापार काय हवेत चालणार? वाडे बऱ्याच वर्षांनी जळाले असतील, पण पाया तेव्हाच खचला.

उगाचच_एक:
अजून ते दंतकथेतलं बुडालेलं अटलांटिस कसं नाही आलं? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रानवाट:
अक्रोतिरीत एकही मृतदेह मिळाला नाही, हे कुणी बोलतच नाही. आधी भूकंप झाला, लोक डागडुजीला परतले. एका घरात गिलाव्याचं आणि रंगाचं भांडं वाळलेल्या मालासकट सापडलंय, भिंत रंगवायचं काम अर्धवट टाकून गेलेत. खाटा बाहेर काढून रचलेल्या. शहाणी माणसं, वेळेत निघाली. पण त्या होड्या पोचल्या का कुठे?

दगडमाती:
@सागरवेडी, पाया खचला म्हणता, मग ती ऑक्टोपसवाली देखणी भांडी त्याच मधल्या काळातली कशी? कारागिरी ऐन भरात होती. वाडे जळले तेव्हा क्रीटवरचा मुख्य वाडा नॉसॉस मात्र उभा राहिला, आणि पुढे तिथल्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या ग्रीक भाषेत आहेत. राज्य मायसिनियनांच्या, म्हणजे मुख्य भूमीवरच्या ग्रीकांच्या, हातात गेलं, ताई. राखेला ग्रीक येत नव्हतं.

सागरवेडी:
आणि क्रीटचं आरमार धडधाकट असतं तर ते मायसिनियन नॉसॉसला आले असते का? याचं उत्तर द्या, मग भांडी मोजू.