मदत हवी आहे : ईआरपी सुरू झाली, पण स्टोअरमधली वही बंद कशी करावी?

नमस्कार.

रबाळे एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल तयार करण्याचा कारखाना आहे. सगळे मिळून १४० माणसे. पूर्वी हिशेब टॅलीत, खरेदी एक्सेलमध्ये आणि स्टोअर वहीत असा कारभार होता. ऑगस्टपासून सर्व काही ईआरपीत, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकाच सामायिक सॉफ्टवेअर प्रणालीत, आणले असून अंमलबजावणीची जबाबदारी माझ्याकडे आहे. हिशेब आणि विक्री विभाग दोन महिन्यांत रुळले. अडचण स्टोअरची आहे.

स्टोअर सांभाळणारे काका २६ वर्षे इथे आहेत. माल आला किंवा दिला की नोंद आधी त्यांच्या वहीत होते आणि दिवसभराच्या स्लिपा संध्याकाळी पाचनंतर एक मुलगा संगणकावर चढवतो. त्यामुळे सकाळी अकराला दिलेले ४० कॉन्टॅक्टर (पॅनेलमधले विजेवर चालणारे स्विच) संध्याकाळपर्यंत शिल्लक दिसतात आणि प्लॅनिंगवाले तेच दुसऱ्या ऑर्डरला धरून बसतात. एखादी स्लिप राहून गेली, तर रात्रीच्या एमआरपीत, म्हणजे काय आणि किती मागवायचे हे प्रणाली काढते त्या हिशेबात, तेवढ्या मालाची खरेदी-मागणी निघतच नाही.

वही हेच सर्व घोटाळ्याचे मूळ, असे माझे ठाम मत होते. दिवाळीनंतर तांब्याचा साठा जुळेना, म्हणून मी दोन दिवस काकांशेजारी बसलो. २५ × ६ मिमीची तांब्याची पट्टी आम्ही किलोवर घेतो आणि खाली मीटरवर देतो. एक मीटर पट्टी सुमारे १.३४ किलो भरते. आयटम मास्टर, म्हणजे प्रणालीतली प्रत्येक मालाची मूळ माहिती, तयार करताना हे रूपांतर आम्ही भरलेच नव्हते, त्यामुळे १० मीटर पट्टी दिली की प्रणालीतून १३.४ ऐवजी १० किलोच वजा होत होते आणि प्रत्यक्षात नसलेले ३.४ किलो तांबे साठ्यात साचत होते. काकांच्या वहीत त्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘१ मी = १.३४’ असे लिहिलेले होते. कापून उरलेले तुकडे ते वेगळ्या रॅकमध्ये ठेवतात आणि वहीत त्यांच्या मापाभोवती गोल करतात. प्रणालीत त्या तुकड्यांना जागाच नव्हती. मास्टर तयार करताना आम्ही स्टोअरमध्ये कुणालाही विचारले नाही, आणि प्रशिक्षण झाले तेही इंग्रजी स्लाइडवर. ही चूक सर्वस्वी आमची होती. रूपांतर आता दुरुस्त केले आहे आणि तुकड्यांसाठी वेगळे लोकेशनही उघडले आहे.

आता व्यवस्थापनाला १ एप्रिलपासून वही पूर्ण बंद हवी आहे. नव्या आर्थिक वर्षाची आरंभीची शिल्लक स्वच्छ धरता येते, हे खरे. पण त्यासाठीची सगळी मोजणी मार्चमध्ये करावी लागेल आणि आमचा सर्वाधिक माल मार्चमध्येच रवाना होतो. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचे काम ३० महिन्यांत बसवून १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविनच्या मागणीच्या तोंडावर, नवी प्रणाली सुरू केली आणि गोदामात माल असूनही ऑर्डरी वेळेवर जाईनात. आमचा पसारा त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी मुहूर्ताची ही भीती मला खरी वाटते.

माझा विचार वही गटागटाने बंद करण्याचा आहे. नगांवर मोजले जाणारे कॉन्टॅक्टर आणि एमसीबी आधी, वायर आणि तांबे शेवटी, आणि महागड्या मालाची दर आठवड्याला प्रत्यक्ष मोजणी. परंतु दोन नोंदी फार काळ चालल्या तर प्रणालीवर कुणाचाच विश्वास बसणार नाही, हेही दिसते आहे. आपल्याकडे वही बंद करण्याचा क्षण कशावरून ठरवला? सलग किती आठवडे मोजणी जुळल्यावर?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माल देतानाच काकांनी स्वतः नोंद करावी, अशी माझी इच्छा आहे. त्यांना संगणक येत नाही असे नाही. ते म्हणतात, “वहीत चुकलं तर मी खोडून सही करतो. इथे चुकलं की अकाउंट्सकडे जावं लागतं आणि माझं नाव कायमचं राहतं.” हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे ती पुसण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्याच दिवशीची स्वतःची नोंद कारण लिहून उलटवण्याचा अधिकार स्टोअरला देता येईल का? कुणी दिला असल्यास त्यावर मर्यादा काय ठेवली आणि लेखापरीक्षकांनी काही हरकत घेतली का, हे कृपया सविस्तर लिहावे.