पगार? शून्य!

वर कुणीतरी विचारलंय, पांढरा शर्ट आणि काळी नावपट्टी लावून सायकलवर धर्मप्रचार करत फिरणाऱ्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) पोरांना पगार किती? दमडी नाही. उलट खर्च ती पोरं आणि घरचेच भागवतात.

तैवानमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर अशी जोडी होती, जेमतेम 19 वर्षांची. मुलांना या प्रचारात दोन वर्षं काढायची, जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, आणि तो निवडायचाही नाही (आमचे हॉस्टेलातले तमाशे आठवले!). 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला चालतो.

सुट्टीला एक जण जिन्यात सायकलची चेन पुसत तीच चार चिनी वाक्यं घोकायचा. दोनदा चहा विचारला, तर म्हणे धर्मात चालत नाही. मग लिंबू सरबत दिलं, तर तीन ग्लास प्यायला.